प्रेतेरितो की इंपेर्फेक्तो?
स्पॅनिश शिकताना दुसऱ्या सत्रात हे दोन भूतकाळ, प्रेतेरितो (घडून संपलेली क्रिया) आणि इंपेर्फेक्तो (चालू असलेली किंवा सवयीची क्रिया), कायम उलटसुलट का होतात? कारण बहुतेक जण इंग्रजीतून अर्थ लावतात. मराठीतून लावा. 'गेलो' म्हणजे प्रेतेरितोचं 'फुई'. 'जायचो' आणि 'जात होतो' या दोन्हींसाठी इंपेर्फेक्तोचं 'इबा'. निम्मा गोंधळ इथेच संपतो.

एक सापळा मात्र आहे. 'मी तीन वर्षं माद्रिदला राहत होतो' असं आपण सहज म्हणतो, पण कालावधी मोजून संपवलेला असला की स्पॅनिशमध्ये प्रेतेरितोच लागतो: 'बिबी त्रेस आन्योस एन माद्रिद'. आणि 'आयेर' (काल) दिसलं की डोळे मिटून प्रेतेरितो लिहू नका. 'आयेर योबीआ क्वांदो साली': पाऊस पडत होता, तेव्हा मी निघालो.

पाठांतर इंपेर्फेक्तोला जवळपास नाहीच, अनियमित क्रियापदं तीनच: सेर (असणे), इर (जाणे), बेर (पाहणे). खरा वेळ प्रेतेरितोच्या बदलत्या धातूंना द्या: तेनेर-तुबे (जवळ असणे), एस्तार-एस्तुबे (असणे), पोदेर-पुदे (शकणे), देसीर-दिहे (म्हणणे). यांच्या 'मी' आणि 'तो'च्या रूपांवर आघातचिन्ह (स्वरावरची तिरपी रेघ) येत नाही. परीक्षेत हमखास गुण जातात ते इथेच. शिवाय 'ते म्हणाले' हे 'दिहेरोन' होतं, 'दिहिएरोन' नव्हे.