जुनी अकूस्टिक गिटार घेतलीय, नाव-गाव काहीच नाही, दुरुस्ती कुठून सुरू करू?

प्रश्न
नमस्कार मंडळी, बरेच दिवस मनात होतं, शेवटी एक जुनी अकूस्टिक गिटार हातात आलीय. आधीच्या मालकालाही ती दुसऱ्याच कुणाकडून मिळालेली, त्यामुळे कंपनी कुठली, किती जुनी, काही पत्ता नाही. हेडस्टॉकवर (मानेच्या टोकाला, खुंट्या असतात तिथे) नाव नाही, फक्त दोन बारीक भोकं आहेत म्हणजे तिथे कधीतरी नावाची पट्टी ठोकलेली असणार. आतलं लेबल फाटलंय, पिवळा पडलेला एक कोपरा तेवढा चिकटून राहिलाय. पण आवाज गोड आहे हो, जाड तार नुसती छेडली तरी गिटारच्या पोटाला धरलेल्या हाताला थरथर जाणवते.

अडचण अशी की पाचव्या फ्रेटच्या (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीच्या) पुढे तार दाबणं मुश्किल आहे, बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली ४.५ मिलिमीटर फट आहे (मोजलीय). माझा विचार असा की ट्रस रॉड (मानेच्या आतली लोखंडी सळई) आवळायचा, सॅडल (पोटावरच्या ब्रिज नावाच्या लाकडी ठोकळ्यातली, तारा टेकतात ती पट्टी) घासून खाली आणायचं, आणि वरचं ओरखडे पडलेलं पॉलिश काढून नवीन मारायचं. रविवारी बसणार आहे. क्रम बरोबर आहे ना?

उत्तर १
रविवारी जरूर बसा, पण पहिल्या दिवशी पॉलिश पेपर आणि पाना दोन्ही लांब ठेवा, फक्त फुटपट्टी, टॉर्च आणि छोटा आरसा घ्या. आणि तारा आजच थोड्या सैल करून ठेवा, म्हणजे जुन्या गिटारीवरचा ताण कमी होईल.

ओळखायचं म्हणाल तर आधी टॉप, म्हणजे पोटाची वरची फळी, बघा. साउंडहोलच्या (तारांखालच्या गोल भोकाच्या) कडेवर टॉर्च मारा. वरच्या लाकडाच्या रेषा कडेवरून तशाच खाली उतरताना दिसल्या तर टॉप सॉलिड, आणि कडेला तीन थर दिसले तर प्लायवुड. प्लाय निघालं म्हणून लगेच वाईट वाटून घेऊ नका, यामाहाच्या सुरुवातीच्या एफजी १८० या मॉडेलचा टॉपसुद्धा प्लायचाच होता आणि लोक त्या गिटारी अजून शोधत फिरतात. त्यांच्याच जुन्या लेबलांवर निप्पॉन गाक्की असं नाव असायचं, कंपनीने ते १९८७ मध्ये बदलून यामाहा कॉर्पोरेशन केलं, म्हणजे लेबलवर निप्पॉन गाक्की दिसलं तर गिटार त्याआधीची. तुमच्या कोपऱ्यावर एखादं अर्धं अक्षर जरी उरलं असेल तरी फोनने जवळून फोटो काढा.

मग आरसा आत घालून टॉपच्या खालच्या पट्ट्या बघा. इंग्रजी एक्ससारख्या एकमेकींना छेदणाऱ्या असतील तर एक प्रकार, शिडीच्या पायऱ्यांसारख्या नुसत्या आडव्या असतील तर दुसरा. शिडीवाल्या पट्ट्या बऱ्याचशा स्वस्त गिटारींमध्ये असतात. एक्सवाली रचना अमेरिकेच्या मार्टिन या गिटार कंपनीकडे १८४० च्या दशकातच आली होती, म्हणजे एक्स दिसला म्हणून गिटार नवीन असं धरू नका. आणि हो, नटपासून (हेडस्टॉकपाशी तारा ज्या पट्टीच्या खाचांतून जातात तिथून) बाराव्या फ्रेटपर्यंतचं अंतर मोजून दुप्पट करा, तारेची लांबी कळेल. त्यावरून ब्रिज मूळ जागी आहे का तेही समजतं.

उत्तर २
वरच्यांशी सहमत. मी फक्त त्या ४.५ मिलिमीटरबद्दल बोलतो, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे.

जाड तारेला बाराव्या फ्रेटवर २.५ च्या आसपास फट असली की हात सुखाने चालतो, म्हणजे तुम्हाला २ मिलिमीटर खाली यायचंय. पण बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर, त्यामुळे तिथे २ उतरवायला सॅडल ४ मिलिमीटर घासावं लागेल. तुमचं सॅडल ब्रिजच्या वर किती दिसतंय? ३ असेल तर गणित इथेच संपलं. म्हणजे उंची दुसरीकडून येतेय, ती जागा आधी शोधा.

ट्रस रॉड हा ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) खाली आणायचा स्क्रू नाही, मानेचा बाक कमी-जास्त करायला आहे. तारा सुरात असताना जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि जिथे मान पोटाला मिळते त्या फ्रेटवर एकदम दाबा आणि सातव्या फ्रेटपाशी फट बघा. पाव मिलिमीटर असली तर मान व्यवस्थित आहे, रॉडला हात लावू नका. जास्त असली तरच आवळा, तेही तारा सैल करून, एका वेळी पाव वळसा. अडतोय असं वाटलं तर तिथेच थांबा.

त्यानंतर सरळ पट्टी फ्रेटांवरून ब्रिजकडे न्या. तिचं टोक ब्रिजच्या माथ्याला टेकलं तर मानेचा कोन ठीक. माथ्याच्या खाली ब्रिजला धडकलं तर एकतर मान पुढे आलीय नाहीतर ब्रिजच उचललाय. ते कळायला साधा कागद घ्या आणि ब्रिजच्या मागच्या कडेखाली सरकवून बघा.

उत्तर ३
पॉलिशचा विचार कृपा करून सोडा. मी माझ्या पहिल्या गिटारीचं पॉलिश घासून काढलं होतं, टॉप प्लायचा आहे हे माहीत नव्हतं. प्लायचा वरचा थर अगदी पातळ असतो, तासाभरात ब्रिजच्या बाजूला खालचा काळपट थर दिसायला लागला आणि तो डाग आजही तिच्यावर आहे, जाता जात नाही. ओरखड्यांनी आवाज बिघडत नाही. ओलसर मऊ फडकं फिरवा, लगेच कोरडं पुसा, बास. फ्रेट मळकट झाले असतील तर फिंगरबोर्डवर मास्किंग टेप लावून फ्रेट बारीक स्टील वुलने चमकवा, खुंट्यांच्या दात्यांना तेलाचा एकेक थेंब द्या आणि सैल स्क्रू आवळा. एवढ्यानेच निम्मी नवी वाटेल.

आणि तिच्यावर आधी नायलॉनच्या तारा होत्या का तेही बघा. क्लासिकल गिटारला सगळ्या तारांचा मिळून साधारण ४० किलो ताण असतो आणि स्टीलच्या लाइट सेटचा ७० च्या वर, नायलॉनच्या गिटारवर कुणी स्टील चढवलं असेल तर ब्रिज उचलणारच.

प्रश्नकर्ता
सगळ्यांचे मनापासून आभार, बरं झालं आधी विचारलं. टॉप प्लायचा, तीन थर स्वच्छ दिसतात. आत आडव्या पट्ट्या, एकीवर पेन्सिलने मारलेली फुली आहे, कुणा कारागिराची असेल, ती बघून फार छान वाटलं. बाराव्या फ्रेटपर्यंत ३२.४ सेंटिमीटर, तिथून सॅडल बारीक तारेला ३२.६ आणि जाडीला ३२.९. पिनवाला ब्रिज आणि ट्रस रॉड दोन्ही आहेत त्यामुळे स्टीलचीच दिसतेय. सातव्या फ्रेटला फट अर्ध्या मिलिमीटरच्या वर. सॅडल ३ मिलिमीटर बाहेर. आणि मुख्य म्हणजे कागद ब्रिजखाली मागून जवळजवळ १ सेंटिमीटर आत गेला!

उत्तर २
सापडलं मग. तारा ब्रिजला पुढे ओढतात, मागची कड उचलते आणि सॅडल वर येतं. मापांवरून ब्रिज मूळ जागीच आहे, सॅडल दोन-चार मिलिमीटर मागे असतं ते सूर बरोबर लागावा म्हणून.

तारा पूर्ण काढा. ब्रिजवर दोन पांढरे ठिपके असतील तर त्याखाली बोल्ट असू शकतात, आतून आरशात बघा, नट ढिले झाले असतील तर ते आधी आवळावे लागतील. पूर्ण ब्रिज काढून जुना गोंद खरवडून परत बसवणं सगळ्यात चांगलं, पण तुमचा टॉप प्लायचा, गरम पात्याने काढताना थर सुटायची भीती असते, म्हणून पहिल्या वेळी मी काढणार नाही. फटीत बारीक पॉलिश पेपर दुमडून घाला आणि जुना गोंद निघेल तेवढा काढा, कारण जुन्या गोंदावर नवा धरत नाही. मग सुतारी पिवळा गोंद किंवा सरस पातळ पात्याने आतपर्यंत सारा. इपॉक्सी नको आणि झटपट गोंदही नको, पुढच्या दुरुस्तीवाल्याला ते निघता निघत नाहीत. साउंडहोलमधून आत लाकडाचा तुकडा देऊन क्लॅम्प लावा, बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने लगेच पुसा. एक दिवस क्लॅम्प, दोन दिवस तारा नाही. नंतर एकदम बारीक सेट लावा, दहा नंबरचा (सगळ्यात बारीक तार ०.०१० इंचाची), ताण ६० किलोच्या आसपास राहतो.

प्रश्नकर्ता
आठवडा लागला पण झालं. आता कागद कुठूनच आत जात नाही. रॉड दोन वेळा पाव-पाव वळसा, मध्ये एक रात्र सोडली. ॲक्शन ३.२ वर आली, मग सॅडल खालून १ मिलिमीटर घासलं, सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून. आता २.७ आहे आणि बाराव्या फ्रेटपर्यंत बोट कुठेच अडत नाही. नाव काही कळलं नाही, लेबलच्या कोपऱ्यावर फक्त रेघ आहे. एकच राहिलंय, मोकळ्या तारा सुरात आहेत पण पहिल्या फ्रेटवर सूर थोडा चढा लागतो, असं का?

उत्तर १
वा, मस्त काम केलंत! चढा लागतो म्हणजे नटच्या खाचा उंच आहेत. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर फट बघा, केसाएवढी दिसायला हवी. जास्त असेल तर त्या तारेच्या जाडीची कानस घेऊन खाच दोन-तीन हात मारून खोल करा, उतार हेडस्टॉककडे ठेवा, आणि प्रत्येक वेळी तार परत चढवून तपासा. एकदा जास्त खोल गेली की नट बदलावा लागतो, म्हणून सावकाश.