४० टनी गाडी बॅटरीवर घ्यावी की डिझेल-हायब्रिड? प्रत्यक्ष कामात काय टिकतं?

डबल_डिक्लच

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय पण नीट वाचून उत्तर द्या ही विनंती. आमचं काम दोन तऱ्हेचं आहे. एक, डोंगरावरच्या खाणीत दगड भरायचा आणि खाली क्रशरला ओतायचा, ७ किलोमीटरचा कच्चा रस्ता, उंचीतला फरक ३०० मीटर, एका टिपरच्या दिवसाला १० खेपा. रिकामा टिपर १४ टन, भरल्यावर ४०. दुसरं काम लांबचं, भरलेला ट्रेलर ४० टनांचा, दिवसाला साधारण ५५० किलोमीटर आणि मधे १५ किलोमीटरचा सलग घाट. दोन्हीकडच्या गाड्या आता थकल्यात, नुसत्या क्लच प्लेट आणि ब्रेक लायनरपायी गाडी उभी राहते तेव्हा जीव तुटतो.

बदलायच्याच आहेत तर काय घ्यावं? बॅटरीचं वजन धरलं तर माल किती कमी भरावा लागतो, घाटात दम टिकतो का, आणि ते हायब्रिड, म्हणजे इंजिनाने फक्त जनरेटर फिरवायचा आणि चाकं मोटरवर, ते खरंच डिझेल वाचवतं का? रेल्वेची डिझेल इंजिनं इतकी वर्षं अशीच चालतायत मग ट्रकमधे हे कधीच का नाही आलं हे मला कळत नाही. आमचा एक जुना ड्रायव्हर आहे, त्याच्या शब्दाला मी मान देतो, तो म्हणतो मालक, बॅटरी ही बसची गोष्ट, लोडची नाही.

युनिट_मोजा

दादा, तुम्ही दोन कामं वेगळी करून सांगितलीत हे फार बरं केलंत, कारण उत्तरंही दोन वेगळीच आहेत.

आधी लांबच्या गाडीचं बघू. एक लिटर डिझेलमधे साधारण १० युनिट ऊर्जा असते, चांगलं इंजिन त्यातली ४० ते ४५ टक्के चाकाकडे पाठवतं, बाकी सायलेन्सर आणि रेडिएटरमधून गरम हवा होऊन जाते. ४० टनी ट्रेलर १०० किलोमीटरला ३० लिटर पितो असं धरलं तर ५५० किलोमीटरला १६५ लिटर, म्हणजे चाकाला लागली जवळपास ७०० युनिट. बॅटरीच्या गाड्या किलोमीटरला सव्वा युनिटच्या आसपास घेतात, तेही ७०० च्या जवळच येतं, म्हणजे हिशोब जुळतो. आता हीच ऊर्जा डिझेलच्या टाकीत १४० किलोची आहे, आणि बॅटरीत? मर्सिडीजच्या ईॲक्ट्रॉस ६०० मधे ६०० युनिटच्या थोडी वर बॅटरी आहे, तिचं वजन सुमारे साडेचार टन आणि कंपनी रेंज सांगते ५०० किलोमीटर. इंजिन, गिअरबॉक्स, टाकी, सायलेन्सर निघाल्यामुळे त्यातलं काही वजन परत मिळतं पण सगळं नाही. म्हणून तर युरोपात बिनधुराच्या ट्रकला एकूण वजनात २ टनांपर्यंत जास्तीची मुभा दिलीय. तुमचा माल हलका पण जागा खाणारा असेल तर हे वजन तुम्हाला जाणवणारही नाही, सिमेंट-लोखंड असेल तर प्रत्येक खेपेला जाणवेल.

चार्जिंगचं म्हणाल तर ३५० किलोवॅटचा चार्जर ४५ मिनिटांत जास्तीत जास्त २६० युनिट देणार, म्हणजे २०० किलोमीटर. युरोपात साडेचार तास चालवल्यावर ड्रायव्हरला ४५ मिनिटं थांबावंच लागतं, नवीन मेगावॅट चार्जिंगची पद्धत (एमसीएस म्हणतात तिला) त्याच विश्रांतीत गाडी भरून निघावी म्हणून आणलीय. पण १० ट्रक एकदम १-१ मेगावॅट ओढायला लागले की तिथे सबस्टेशन पाहिजे, नुसता चार्जर बसवून भागत नाही. तुमच्या वाटेवर असं काही नसेल तर आज लांबच्या कामाला निव्वळ बॅटरी घेऊ नका, मी स्पष्ट सांगतो.

लाल_धुरळा

मी खाणीतच आयुष्य काढलंय त्यामुळे टिपरबद्दल मी बोलतो. तुमचा माल खाली येतो आणि गाडी वर रिकामी जाते, हे वाचलं आणि मला राहवलं नाही, अहो यापेक्षा चांगलं काम बॅटरीच्या गाडीला दुसरं नाही.

४० टन ३०० मीटर खाली येताना ३२-३३ युनिट सुटतात. कच्च्या रस्त्यावर टायरचं घर्षण ११ एक युनिट खातं, उरलेल्या २१ पैकी मोटर-बॅटरीचं नुकसान जाऊन १७ बॅटरीत पडतात. रिकामे १४ टन वर न्यायला घर्षणासकट साडेपंधरा, नुकसान धरून १८. म्हणजे एका खेपेला फरक किती, एक युनिट! एसी, कंप्रेसर, स्टेअरिंग पंप, ट्रॉली उचलायचा हायड्रॉलिक पंप, खेपेला अजून ३-४ युनिट धरा. १० खेपांना ५० युनिटच्या आत. आज हीच ऊर्जा तुम्ही लायनर आणि ड्रम तापवून हवेत सोडताय आणि वर त्या लायनरचे पैसेही भरताय.

हे नुसतं कागदावरचं नाहीये. स्वित्झर्लंडमधे सिमेंट कंपनीच्या एका चुनखडीच्या खाणीत कोमात्सुचा डंपर बॅटरीवर बदलून घेतला, ६५ टन माल, ६०० युनिटच्या आसपास बॅटरी, तिथेही भरलेला खाली येतो आणि रिकामा वर जातो, आणि उतारावर तयार झालेल्या विजेवरच त्याचं बरंचसं चढणं होतं.

पण एक सांगतो, याच रस्त्यावर माल उलटा असता, म्हणजे खाणीच्या खड्ड्यातून वर काढायचा असता, तर भरलेला चढायला ५२ युनिट आणि रिकामा उतरताना परत मिळणार जेमतेम ६. खेपेला ४६, दिवसाला ४६०. गाडी तीच, रस्ता तोच, आणि उत्तर नेमकं उलटं. म्हणून कोणी नुसतं "खाणीत इलेक्ट्रिक चालते" म्हणालं की मी आधी विचारतो, माल कुठल्या दिशेला जातो?

तुमच्या रेल्वेच्या प्रश्नाचं. रेल्वेत जनरेटर-मोटर आली ती डिझेल वाचवायला नाही. हजारो टनांची गाडी जागेवरून ओढायला जो जोर लागतो तो झेलेल असा क्लच आणि गिअरबॉक्स बनवणं अवघड होतं म्हणून आली. चाकांसाठी वीज साठवणारी बॅटरी नसतेच त्यात, उतारावरची वीज छतावरच्या रेझिस्टन्स ग्रिडमधे जाळून टाकतात. खाणीतले मोठे डंपरही तसेच, कोमात्सु ९३०ई २९० टन उचलतो, डिझेल-इलेक्ट्रिक आहे, आणि उतारावरची सगळी ऊर्जा ग्रिडमधून गरम हवा होऊन जाते. त्याला हायब्रिड म्हणायचं नाही. वीज साठवायची सोय असेल तर हायब्रिड.

डबल_डिक्लच

लाल_धुरळा काका, तुमचा हिशोब मी दोनदा वहीत करून बघितला, बरोबर येतोय. इतकी वर्षं मी त्या उताराकडे फक्त लायनरचा खर्च म्हणून बघत होतो. मग टिपरला बॅटरी किती मोठी लागेल? आणि घाटाच्या गाडीला हायब्रिड चालेल का हे कोणीतरी सांगा.

पाना_नंबर_१९

वर्कशॉपमधून लिहितोय. हायब्रिडचं सांगतो, जरा धीर धरून वाचा कारण लोक इथेच फसतात.

जनरेटर ते मोटर असा विजेचा प्रवास फुकट होत नाही. जनरेटरमधे थोडं जातं, इन्व्हर्टरमधे थोडं, मोटरमधे थोडं, एकूण १२-१३ टक्के गेलेच समजा. साधा गिअरबॉक्स आणि क्राऊन-पिनियन यापेक्षा कितीतरी कमी खातात. म्हणजे सपाट हायवेवर एका स्पीडला टॉप गिअरमधे गाडी चाललीय तिथे असलं सिरीज हायब्रिड साध्या डिझेलपेक्षा जास्तच पिईल, कोणी काही सांगो. त्याचा फायदा निघतो तो चढ-उतारावर, थांबत-थांबत चालणाऱ्या कामात, आणि जिथे गाडी उभी असून पंप चालवायचा असतो तिथे.

आता तुमचा घाट. १५ किलोमीटर, सरासरी ६ टक्के चढ धरतो, ४० टन, ताशी ४०. चाकाला २९० किलोवॅट लागतात. पण सपाटीला ताशी ८५ ला तीच गाडी ११० किलोवॅटवर चालते. म्हणजे आपण एवढं मोठं इंजिन वागवतो ते फक्त घाटासाठी. हायब्रिडमधे १५० किलोवॅटचं छोटं इंजिन ठेवायचं आणि उरलेले १४० बॅटरीने द्यायचे, घाट २२-२३ मिनिटांत संपतो, बॅटरीतून जातात ५५ ते ६५ युनिट. १०० युनिटची बॅटरी पुरली. दम टिकतो, पण बॅटरी पायथ्याला भरलेली असेल तरच! पायथ्याला रिकामी पोचलात तर त्या १५० वर गाडी ताशी २० ने रांगत चढेल, मागे रांग लागेल. म्हणून पुढचा रस्ता ओळखून आधीच चार्ज साठवणारा कंट्रोलर आहे का हे घेताना विचारायचं, बाकी रंगरूप नंतर.

आणि उतरताना दुसरी गंमत नाही, अडचण आहे. त्याच वेगात उतरताना २०० किलोवॅटच्या वर वीज तयार होते. १०० युनिटची बॅटरी साधी एलएफपी (लोह-फॉस्फेटवाली लिथियम बॅटरी) असेल तर २०० किलोवॅट सलग वीस मिनिटं सहज गिळू शकत नाही, ती गरम होते आणि सिस्टिम स्वतःच चार्जिंग कमी करते. त्या क्षणी ड्रायव्हरला मोटरचा ब्रेक एकदम ढिला लागतो. अशी एक गाडी आमच्याकडे ड्रम निळे पडलेल्या अवस्थेत आली होती, ड्रायव्हर बिचारा थरथरत होता. त्यामुळे वेगळा रिटार्डर (लायनर न घासता गाडी आवरणारं यंत्र) किंवा ब्रेक रेझिस्टर (जास्तीची वीज जाळून टाकणारा) असल्याशिवाय घाटाला हायब्रिड लावू नका. लोड वाहणाऱ्याच्या जिवाशी खेळ आहे हा.

अजून एक, इंजिन सारखं बंद-चालू होत राहिलं तर सायलेन्सर थंड पडतो, आणि युरिया टाकून धूर साफ करायची जी यंत्रणा असते ती साधारण २०० अंशांच्या खाली नीट कामच करत नाही. इंजिन चालू झालं की बराच वेळ एका लोडवर चालू राहील असं सेटिंग पाहिजे.

कॅनडात एडिसन मोटर्स म्हणून आहेत, लाकडाचे ओंडके वाहणाऱ्या माणसांनीच सुरू केलेली कंपनी, ते हेच डिझेल-जनरेटर आणि बॅटरीचं गणित ट्रकला लावतायत. त्यांच्याकडेही रिकामी गाडी डोंगरात वर आणि भरलेली खाली, शिवाय जंगलात चार्जर कुठला. तिथे हायब्रिड शोभतं.

स्टेअरिंगवाला

मी मालक नाही, ड्रायव्हर आहे, इलेक्ट्रिक टिपर दीड वर्ष चालवतोय. तुमच्या जुन्या ड्रायव्हरना माझा नमस्कार सांगा आणि एकदा चालवायला द्या. क्लच नाही, चढावर गिअर टाकायचा नाही, लोड घेऊन चढावर उभी केली तरी गाडी मागे सरकत नाही, संध्याकाळी डावा गुडघा दुखत नाही, मला हे सगळ्यात मोठं वाटतं.

फक्त तुमच्या कामात एक लक्षात ठेवा, तुम्ही वर भरता आणि मग उतरता. रात्री वरच गाडी लावून १०० टक्के चार्ज केली तर सकाळची पहिली खेप उतरताना वीज घ्यायला जागाच नसते, मग सगळा भार ब्रेकवर. आम्ही ८० वरच थांबवतो.

युनिट_मोजा

अगदी बरोबर, आणि शक्य असेल तर चार्जर खाली क्रशरलाच लावा. बॅटरीच्या आकाराचं विचारलं होतंत, रोजचे ५० युनिट असले तरी ५० ची घेऊ नका. उतरताना ताशी ३० ला ९० किलोवॅटच्या आसपास वीज येणार, ती आरामात घेईल अशी २५०-३०० युनिटची पाहिजे, शिवाय थंडीत बॅटरी चार्ज कमी घेते आणि वर्षं गेली की क्षमता उतरते. चार्जर मात्र ४० किलोवॅटचा पुष्कळ झाला.

डबल_डिक्लच

सगळ्यांचे मनापासून आभार. टिपरचं ठरलं, एक बॅटरीचा घेतो आणि जुन्या ड्रायव्हरलाच देतो, त्याचं मत त्यानेच बदललं तर बदलेल. ट्रेलर अजून डिझेलच राहील, पण त्याच्या घाटाच्या खेपांचा वेग आणि उंची जीपीएसवर महिनाभर नोंदवतो आणि मग ते आकडे इथे टाकतो, पाना_नंबर_१९ भाऊ, तेव्हा तुम्ही नक्की बघा. उद्या आधी क्रशरच्या मीटरचा मंजूर भार किती आहे ते बघून येतो, क्रशर चालू असताना ४० किलोवॅट शिल्लक राहतात का हेच माहीत नाही.