मदत हवी आहे: कबड्डीच्या सरावाला अभ्यासवर्ग जोडलाय, मुलं टिकत नाहीत

रानपाखरू
सहावी ते नववीची 26 मुलं-मुली. सराव साडेपाच ते साडेसात, मग शाळेच्याच खोलीत तासभर अभ्यास. सुरुवातीला सगळी बसायची, आता नऊच उरलीत. बारावीपर्यंत पाठीशी राहायचंय. वेळ बदलू, की वर्गाला दांडी मारणाऱ्याला मैदानात उतरूच देऊ नको?

पाटीपेन्सिल
क्रम उलटा करा. पाच ते पावणेसहा अभ्यास, मग मैदान. दोन तास चढाया-पकडी करून अंग गार पडलं की डोळे मिटणारच, त्याला बेशिस्त म्हणू नका. शाळा सुटल्यावर पोट रिकामं असतं, म्हणून वर्गात शिरतानाच मूठभर भिजवलेले चणे नाहीतर केळं हातावर ठेवा.

इयत्तेप्रमाणे बसवू नका. पहिल्या आठवड्यात एकेकाला जवळ घेऊन दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचून घ्या, हातच्याची वजाबाकी आणि एक भागाकार घाला. 618 भागिले 6 चं उत्तर 13 आलं, तर मधलं शून्य गळतंय. मूल आठवीत असलं तरी त्याला आधी स्थानिक किंमत शिकवा, बीजगणित नंतर.

मैदानबंदी मुळीच नको. पोरं येतात ती मैदानासाठी, ते काढून घेतलंत तर वर्गही सुटेल. सराव सगळ्यांना खुला ठेवा. संघाच्या 12 जणांच्या यादीसाठी मात्र वर्गात 75 टक्के हजेरीची अट घाला, आणि ती हंगामाआधीच सांगा.

रानपाखरू
पटलं. पण स्पर्धा लागल्या की सगळंच कोलमडतं. आठवीत सात जण आहेत.

मध्यरेषा
त्या सातांसाठी एनएमएमएस, म्हणजे आठवीतल्या मुलांची केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा, जूनपासूनच धरा. परीक्षा साधारण डिसेंबरात असते, म्हणजे शालेय स्पर्धा आणि सहामाही उरकेपर्यंत हाती फार दिवस उरत नाहीत. बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता, प्रत्येकी 90 प्रश्न. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये. शाळा शासकीय, स्थानिक संस्थेची किंवा अनुदानित हवी, पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत. दहावीत 60 टक्के पडले नाहीत तर (अनुसूचित जाती-जमातींना 5 टक्के सूट) अकरावीपासून पैसे थांबतात, म्हणून दहावीत वर्ग सैल सोडू नका.

अडतं ते कागदांवर. आधार, शाळेचं रजिस्टर आणि पासबुक, तिन्हींवर नाव अक्षरशः एकच आहे का ते आत्ताच बघा.

खेळाडूंना दहावीत मिळणाऱ्या सवलतीच्या गुणांचा प्रस्ताव शाळेमार्फत जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जातो. गल्लीतल्या चषकाचं प्रमाणपत्र तिथे चालत नाही, हे पालकांच्या कानावर घाला.

पाटीपेन्सिल
एक राहिलंच. वजनी गटात बसायला पोरं दोन-दोन दिवस नीट जेवत नाहीत. त्या आठवड्यात वर्गात चाचणी ठेवू नका, आणि वजन महिनाभर आधीपासून दर सोमवारी वहीत लिहीत जा.

रानपाखरू
सोमवारपासून पाचचा वर्ग. वजनकाटा शाळेतून मागवतो.