जर्मनीत कामासाठी जातेय, बायरने वेलनेस हॉटेलात सोय केलीय, स्पाचं काय काय माहीत असावं?

टेरीवाली_सोलापूर

नमस्कार मंडळी. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात एक्स्पोर्टचं बघते, सॅम्पल, मेल, पॅकिंग लिस्ट सगळंच. जानेवारीत फ्रँकफर्टला हाइमटेक्स्टिल हे घरगुती कापडाचं मोठं फेअर असतं तिथं दरवर्षी मालक स्वतः जातात, पण यंदा फेअर आणि गड्डा (आपली सिद्धेश्वराची जत्रा) एकाच आठवड्यात आलंय आणि त्यांना अक्षता सोहळा चुकवायचा नाही म्हणून मला पाठवतायत. मलाही गड्डा चुकल्याचं वाईट वाटतंय पण ही संधी सोडणार नाही.

तर फेअर संपल्यावर तिथला एक बायर, जो हॉटेलांना टॉवेल-बाथरोब पुरवतो, त्याने दोन रात्री ब्लॅक फॉरेस्टमधल्या वेलनेस हॉटेलात राहायला बोलावलंय. सगळा खर्च त्यांचा. मेलमध्ये सॉना, पूल, एक मसाज, रात्री पाच-सहा कोर्सचं जेवण असं सगळं लिहिलंय आणि शेवटी लिहिलंय की तुमचा माल आमच्याकडे कसा वापरतात ते पण बघून जा. मला खरंच जायचंय हो. आजवर टॉवेल बघितला तो लूमवर, शिलाईला आणि कार्टनमध्ये, तो जिथं वापरला जातो ती जागाच कधी बघितली नाही.

पण काही गोष्टी कुणाला विचारायच्या कळत नाही म्हणून इथं विचारते. तिकडं सॉनात कपडे चालतच नाहीत म्हणे, खरं का? मसाजला नक्की काय करतात, आणि नको म्हटलं तर बायरला वाईट वाटेल का? टिप किती द्यायची? मी शाकाहारी आहे त्याचं काय करायचं? आणि असं दुसऱ्याच्या खर्चाने राहणं कंपनीच्या दृष्टीनं बरोबर आहे का? ज्यांनी अनुभवलंय त्यांनी मोकळेपणाने सांगा प्लीज.

---

जुना_पार्कचौक

ताई अभिनंदन आधी. आपल्या सोलापूरच्या फॅक्टरीतून मुलगी एकटी हाइमटेक्स्टिलला जातेय हे वाचून फार बरं वाटलं. मी पण टॉवेललाइनमधलाच, जर्मनीत बऱ्याच वेळा जाणं झालंय.

कपड्यांचं खरं आहे. जर्मनीत सॉनाच्या भागात स्विमसूट सुद्धा चालत नाही, बायका-पुरुष एकत्र असतात आणि तिकडं कुणाला त्यात काही वाटत नाही, कुणी कुणाकडं बघत बसत नाही. दारावर टेक्स्टीलफ्राय म्हणजे कपड्यांशिवाय असा बोर्ड असला की समजायचं. पण घाबरू नका, पूलचा भाग बहुतेक हॉटेलांत वेगळा असतो आणि तिथं स्विमसूट लागतोच. बऱ्याच ठिकाणी बायकांसाठी वेगळी सॉना किंवा वेगळी वेळ ठेवलेली असते, रिसेप्शनला डामेनझाउना (बायकांची सॉना) आहे का एवढं विचारा, लगेच सांगतात. आणि टॉवेल गुंडाळून बसलेलं बऱ्याच हॉटेलांत चालतं. नाहीच जावं वाटलं तर नका जाऊ, नुसता पूल आणि मसाज घेतला तरी कुणी विचारत नाही.

गेलात तर एक नियम कडक आहे, लाकडाला घाम लागता कामा नये. म्हणजे बाकावर टॉवेल अंथरायचा आणि पाय सुद्धा टॉवेलवरच ठेवायचे. म्हणून तर तिकडं सॉना टॉवेल ही वेगळी साइज विकली जाते, ८० बाय २०० सेंटीमीटर, माणूस लांब झोपला तरी डोक्यापासून टाचेपर्यंत टॉवेल पुरला पाहिजे. तुम्ही ती साइज पॅकिंग लिस्टवर लिहिली असेलच, आता तिच्यावर झोपून बघा मग लांबी पाच सेंटीमीटर कमी आली की बायर एवढा का चिडतो ते आपोआप कळेल.

आत ८०-९० डिग्री असतं. आधी शॉवर घेऊन अंग कोरडं करून जायचं, पहिल्यांदा खालच्या बाकावर बसायचं कारण वर जास्त तापतं, आठ-दहा मिनिटं बस्स, मग बाहेर येऊन गार पाणी आणि मग पडून राहायचं. त्या पडून राहण्याच्या खोलीत बोलायचं नाही, मोबाइल तर अजिबातच नाही. गरम दगडांवर सुगंधी पाणी टाकून टॉवेल फिरवतात त्याला आउफगुस म्हणतात, तो चालू असताना मधेच दार उघडून आत शिरायचं नाही. आपल्याला सोलापूरच्या मे महिन्याची सवय आहे म्हणून जास्त वेळ बसू नका, ती उष्णता वेगळी. बीपीची गोळी चालू असेल तर डॉक्टरला विचारूनच.

वेळ मिळाला तर बाडेन-बाडेन बघा, फ्रँकफर्टहून रेल्वेने साधारण दीड तास. तिथं फ्रीडरिक्सबाड म्हणून १८७७ चं स्नानगृह आहे, गरम हवा, वाफ, मग हळूहळू गार होत जाणारं पाणी असे सतरा टप्पे ओळीने करायचे. २०२१ साली युनेस्कोने युरोपातल्या अकरा स्नाननगरांना वारसा यादीत घेतलं त्यात हे गाव आहे. आत नाही गेलात तरी गाव बघण्यासारखं आहे.

आणि हो, ब्लॅक फॉरेस्टमधल्या पुष्कळ गावांत हॉटेलवाले मुक्कामाला कोनुस नावाचं कार्ड देतात, त्यावर तिथली लोकल रेल्वे आणि बस फुकट. मागून घ्या.

---

कन्ना_चौक_ची

मी थेरपिस्ट आहे. मूळची सोलापूरची, गोव्यात मोठ्या हॉटेलच्या स्पामध्ये काम केलं, आता पुण्यात करते. तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही.

मसाजचं सांगते. बुकिंग करतानाच बाई थेरपिस्ट हवी म्हणून सांगायचं, यात संकोच करायचं काहीच कारण नाही, आम्हाला रोज सांगतात. आधी एक फॉर्म भरून घेतात, बीपी, शुगर, प्रेग्नन्सी, ऑपरेशन, पायाच्या फुगलेल्या शिरा, कशाची ॲलर्जी, ते खरं खरं भरा कारण त्यावरून आम्ही कुठं दाब द्यायचा नाही ते ठरवतो. मंगळसूत्र, बांगड्या काढून रूमच्या लॉकरमध्येच ठेवून या. पोटभर जेवून येऊ नका. थेरपिस्ट बाहेर जाते, तुम्ही कपडे काढून टॉवेलखाली झोपता, मग ती दार वाजवून आत येते. ज्या भागावर काम चालू आहे तेवढाच उघडा, बाकी सगळं अंग झाकलेलं. पाय झाला की पाय झाकायचा मग हात. कुठंही नको वाटलं तर नको म्हणायचं, मधेच थांबवलं तरी चालतं. दाब जास्त वाटला तर सोसत पडून राहू नका हो, आपल्याकडच्या बायका हमखास दात दाबून सोसतात आणि मग दुसऱ्या दिवशी अंग दुखलं म्हणतात. सांगितलं की आम्हाला बरंच वाटतं.

आणि एक विनंती. जी बाई तुमचा मसाज करेल तिच्याशी नीट बोला. दिवसभर उभं राहून अंगठे, मनगटं आणि कंबर कामाला लावायची असते, त्या शांत खोलीत पाहुणा झोपी जातो तेव्हा आमची बोटं सुजलेली असतात. लक्झरी लक्झरी म्हणतात ती कुणाच्या तरी हातातूनच येते. नाव विचारलं, आभार मानले तर दिवस चांगला जातो.

आता टॉवेलवाल्या आहात म्हणून मुद्दाम लिहिते. स्पामध्ये टॉवेल मळाने मरत नाही, तेलाने मरतो. मसाजचं तेल टॉवेलवरच्या धाग्यांच्या लूपच्या मुळाशी जाऊन बसतं, साध्या धुण्यात निघत नाही, काही दिवसांनी वास मारायला लागतं, आणि पांढरा टॉवेल पिवळट पडतो. तेलकट टॉवेल ड्रायरमधून गरम गरम काढून तसाच ढीग लावला तर आतल्या आत तापून पेट घेऊ शकतो. हे खरंय, लाँड्रीवाल्यांना ट्रेनिंगमध्येच शिकवतात की पूर्ण गार झाल्याशिवाय घडी घालून रचायचं नाही. म्हणून चांगल्या स्पामध्ये तेलाचे टॉवेल वेगळे, बहुतेक गडद रंगाचे, आणि पुलाचे, रूमचे वेगळे. तुम्ही गेलात की लाँड्री दाखवा म्हणा. मसाजरूमपेक्षा तिथं जास्त शिकाल.

---

टेरीवाली_सोलापूर

कन्नाचौक ताई, तुमचं वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे चॉकलेट ब्राऊन रंगाची ऑर्डर येते आणि आम्ही समजत होतो फॅशन आहे म्हणून. पेट घेण्याचं तर कुणालाच माहीत नसेल फॅक्टरीत. अजून एक सांगा, डॉबी बॉर्डर (टॉवेलच्या टोकाची बिनलूपची सपाट पट्टी) आकसते अशी तक्रार नेहमी येते हॉटेलांकडून, ती तुम्हाला दिसते का?

---

कन्ना_चौक_ची

रोज दिसते. नवा असताना बॉर्डर सरळ, महिन्याभरात मधेच चुणी पडून टॉवेलला कंबर आल्यासारखं होतं, मग घडी बसत नाही आणि शेल्फवर रचलेली थप्पी वाकडी दिसते. सुपरवायझर त्यावरून आम्हाला बोलतो. बॉर्डरच नसलेला टॉवेल आम्हाला आवडतो. आणि फेशियलच्या खोलीत रंगीत टॉवेलवर फिके डाग पडतात ना, ते ब्लीचचेच असतात असं नाही, पिंपलच्या क्रीममधलं बेंझॉइल पेरॉक्साइड रंग उडवतं. पाहुणा तोंड पुसतो आणि नवा टॉवेल बाद.

---

जुना_पार्कचौक

बरोबर. टेरीचा म्हणजे लूपवाला भाग आणि डॉबीचा भाग धुतल्यावर वेगवेगळा आकसतो, बॉर्डरला तेवढी सूट विणतानाच द्यायला लागते नाहीतर चुणी ठरलेली. आणि रंगाचं म्हणाल तर स्पासाठी व्हॅट डाय प्रकारचा रंग विचारा, रिॲक्टिव्ह प्रकारच्या रंगापेक्षा महाग पडतो पण क्लोरीन आणि पेरॉक्साइडला पुष्कळ जास्त टिकतो. बायरपुढं हे स्वतःहून बोललात तर तो तुम्हाला रेट विचारायच्या आधी सॅम्पल मागेल बघा.

---

बाळीवेस

पोरी, जाऊलालीस तर बिनधास्त जा, पण काकाचं एक ऐक. पाहुणचार चांगलाच असतो, त्यांच्या मनातही काही वाईट नसतं, पण मऊ गादी, मसाज, मेणबत्तीच्या उजेडात जेवण, आणि मग कॉफीच्या वेळेला हळूच विषय निघतो, एवढे सेंट कमी करता येतील का म्हणून. आमच्या एका जुन्या बायरने असंच केलेलं, अशा जेवणानंतर आमच्या माणसाला नाही म्हणवेना आणि सूत महागलेलं असताना वर्षभर त्या रेटनं माल द्यायला लागला. ऑगस्ट २०२५ ला अमेरिकेनं ५० टक्के टॅरिफ लावलं होतं तेव्हापासून तर युरोपचे बायर ओळखून आहेत की भारतातल्या टॉवेलवाल्याला त्यांची गरज आहे.

म्हणून रेट, जीएसएम (चौरस मीटरला किती ग्रॅम वजन ते), पेमेंट टर्म सगळं फ्रँकफर्टला स्टॉलवरच बोलून मेलवर टाकायचं. हॉटेलात विषय निघाला तर हसून सांगायचं, मालकांना विचारून सोमवारी कळवते. एवढं वाक्य पाठ करून जा. मग पाहुणचार मनापासून घे, त्यात कमीपणा काही नाही. आणि जाताना रिकाम्या हातानं जाऊ नकोस, आपली सोलापुरी चादर घेऊन जा भेट म्हणून. जीआय मिळालेली चीज आहे आपली, भारी वाटेल त्यांना.

---

खतावणी

कंपनीच्या बाजूने थोडक्यात लिहितो, अकाउंट्स बघतो मी. निमंत्रणाचा मेल मालकांना सीसी करून ठेवा, कोण किती रात्रींचा खर्च करतंय ते त्यात स्पष्ट असू द्या, विसासाठी पण तो कागद लागेल. एखादी ट्रीटमेंट स्वतःहून जास्तीची घेतली तर तिचं बिल स्वतःच्या कार्डवर, कंपनीच्या खर्चात घालू नका. भारतात असा स्पा कंपनीच्या नावावर घेतला तरी जीएसटीचं इनपुट क्रेडिट सहसा मिळत नाही, ब्यूटी ट्रीटमेंट वगैरे जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) मध्ये ब्लॉक आहे. आणि इथल्या डीलर लोकांना कंपन्या थायलंड वगैरे फिरवून आणतात त्यांच्यासाठी सांगतो, अशा फायद्यावर वर्षाला २० हजाराच्या वर गेलं की १० टक्के टीडीएस, १ जुलै २०२२ पासून कलम १९४आर ने सुरू झालं ते. फुकटची ट्रिप उत्पन्नात धरली जाते हे बऱ्याच जणांना नोटीस आल्यावर कळतं.

---

जुना_पार्कचौक

टिप आणि जेवणाचं राहिलंच. जर्मनीत टिपची सक्ती नाही, हॉटेलात जेवणाला पाच-दहा टक्के देतात, मसाजच्या बाईला पाच-दहा युरो हातात दिले तर व्यवस्थित. दोन रात्रींनंतर खोली साफ करणारीसाठी थोडे सुटे टेबलावर ठेवून या. शाकाहाराचं आधीच मेल करा, फक्त व्हेज नका लिहू, मांस नाही, मासे नाही, अंडं नाही, मांसाचं सूप पण नाही असं फोडून लिहा, कारण भाजीच्या सूपमध्ये सुद्धा स्टॉक मांसाचा असू शकतो. फेअरच्या दिवसांत उपयोगाला कडक भाकरी आणि शेंगाचटणी न्या, मजेत टिकते. पण पेढे, तूप, खवा काही नेऊ नका, युरोपात बाहेरून येणाऱ्याला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, कस्टमला काढून घेतात.

---

टेरीवाली_सोलापूर

सगळ्यांचे खूप आभार, एवढं कुणी घरचं माणूस पण समजावून सांगत नाही. काका, सोमवारचं वाक्य पाठ करून जाणार आणि चादर घेतेच, मालकांना आजच बोलते. सॉनाचं बायकांची वेळ असेल तर जाईन नाहीतर पूल. मसाजला बाई थेरपिस्ट हवी म्हणून मेल टाकला पण आत्ता.

आणि कन्नाचौक ताई, लाँड्री बघायची परवानगी मागितली आहे बायरकडे. मालक म्हणाले बॉर्डर नसलेला, व्हॅट डाय ब्राऊन, दोन जीएसएममध्ये सॅम्पल काढू या, एक ४५० आणि एक ५५०. तुम्ही पुण्यात आहात तर जायच्या आधी चार-चार नग तुमच्याकडे पाठवले तर तेल लावून, धुऊन सांगाल का?

---

कन्ना_चौक_ची

पाठवा की. पण चार नको, जास्त पाठवा, एकच टॉवेल रोज धुऊन बघायला पाहिजे आणि एक न धुतलेला शेजारी ठेवायला पाहिजे. ४५० चा लवकर वाळेल असं माझं मत आहे, जाड टॉवेल पाहुण्याला आवडतो पण आम्हाला तो दुसऱ्या पाळीपर्यंत वाळून मिळत नाही. मेसेज करा, पत्ता देते.