यॉट एजंट म्हणजे ‘फोनवाला दलाल’? मग बसा जरा, बोलू

धक्क्यावरचा:
काल इथे एका सद्गृहस्थाने लिहिलं की यॉट एजंट म्हणजे हातात फोन असलेला दलाल, फॉर्म आता ऑनलाइन भरता येतात, बर्थ, म्हणजे धक्क्यावर बोट लावायची जागा, ईमेलवर मिळतो, मग ह्यांना कशाला पोसायचं. वर टाळ्या पण पडल्या. गेली 11 वर्षं मी हाच दलाल आहे, म्हणजे बंदरात आलेल्या यॉटचे कागद, परवाने, सामान बघणारा माणूस, त्यामुळे लिहिल्याशिवाय राहवेना. लांब होईल, आधीच सांगतो.

पिवळा क्यू झेंडा, म्हणजे ‘परदेशातून आलोय, तपासणी बाकी आहे’ अशी खूण, लावून 50 मीटरची बोट नांगरावर उभी. आरोग्य, इमिग्रेशन, कस्टम तिघांचं होईपर्यंत कप्तान सोडून कुणी खाली उतरायचं नाही. मालक संध्याकाळच्या विमानाने येणार आणि सोबत कुत्रा. कुत्र्याच्या कागदावर मायक्रोचिपच्या नंबरातला एक आकडा चुकलेला. हे कप्तानाला कळलं दुपारी चारला, जेव्हा पशुवैद्यक साहेब घरी निघाले होते. मी पार्किंगमध्ये त्यांच्या गाडीपुढे जाऊन उभा राहिलो, खरंच उभा राहिलो, त्यांनी हॉर्न पण मारला. हा फॉर्म कुठल्या वेबसाइटवर भरतात सांगा, पुढच्या वेळी मीपण भरेन.

दुसरं, अमेरिकेत स्वतःच्या बोटीतून शिरायचं तर ईस्टा, म्हणजे व्हिसाशिवाय जायची ऑनलाइन परवानगी, चालत नाही, रीतसर व्हिसा लागतो. विमानाने शंभरदा ईस्टावर गेलेल्या पाहुण्याला हे पटतच नाही, आणि बोट निघायच्या आदल्या रात्री पटवायचं कुणी? दलालाने.

मोकाट_कप्तान:
सद्गृहस्थ मीच. कुत्र्याची गोष्ट छान आहे, डोळे पाणावले.

आता माझी ऐका. पनामा कालवा, 125 फुटांच्या आतली बोट, एजंट घेतला नाही. मापणीवाला आला, मापून गेला. चार लांब दोर भाड्याने, चार दोरवाले, कालव्याचा सल्लागार बोटीवर, सगळं मी आणि माझ्या मेटने, म्हणजे हाताखालच्या अधिकाऱ्याने, दोन दिवसांत जमवलं. एजंट घेतला असता तर बफर डिपॉझिट, म्हणजे कालव्याकडे ठेवायची अनामत, अडकलं नसतं, एवढाच काय तो फरक.

आणि एजंट घेतला तिथे काय मिळालं? बिल. पोर्टची फी, त्यावर हँडलिंगचे टक्के, त्यावर परत अ‍ॅडमिन चार्ज. लाँचच्या, म्हणजे ने-आण करणाऱ्या छोट्या बोटीच्या, दोन फेऱ्या लावलेल्या, आली होती एकच. आणि सगळ्यात शेवटी ‘विविध खर्च’. विविध म्हणजे काय रे बाबा? विचारलं तर म्हणे सीझन आहे ना सर. सीझन आहे म्हणजे काय उत्तर झालं हे?

धक्क्यावरचा:
पनामाचं अर्धंच सांगितलंत. गॅलापागोस बेटांवर स्वतःच्या बोटीने जाऊन दाखवा ना एजंटशिवाय. परवाना, फवारणीचा दाखला, वर पाणबुड्या खाली जाऊन बोटीचा तळ बघतो, शंख-शिंपले चिकटलेले दिसले तर बाहेर समुद्रात जाऊन घासून या म्हणतात. तुर्कस्तानात ट्रान्झिट लॉग, म्हणजे तिथल्या पाण्यात फिरायचा बोटीचा कागद, एजंटमार्फतच होतो. तिथे मोकाटपणा चालत नाही.

गॅलीतली:
मी चार्टर यॉटवर, म्हणजे पाहुण्यांना भाड्याने देतात त्या बोटीवर, शेफ आहे, तुमच्या कस्टमशी माझं काही देणंघेणं नाही, पण एजंट हा विषय निघालाच आहे तर बोलू दे.

मायक्रोग्रीन्सच्या, म्हणजे कोवळ्या पालेभाजीच्या, सहा पेट्या. थंड गाडीतून आणायच्या असं मी मेलमध्ये दोनदा लिहिलं होतं, जाड अक्षरात. धक्क्यावर दोन तास उन्हात पडून होत्या कारण ड्रायव्हरला गेट पास कुणी काढून दिला नव्हता. झाकण उघडलं तर आतून गरम वाफ आली, पानं ओल्या टिश्यू पेपरसारखी एकमेकांना चिकटलेली. रात्री बारा पाहुण्यांचं जेवण. बिल मात्र पूर्ण आलं, ताजंतवानं.

आणि फुलं! सीझन नसताना पांढऱ्या पिओनी हव्यात असा पाहुण्यांचा हट्ट. एजंटने आणल्या, मानलं. पण फुलवाल्या बाई बोलता बोलता बोलून गेल्या की एजंटला टक्का परत द्यावा लागतो म्हणून भाव असा. म्हणजे भाव चढवायला सांगायचा, वर हँडलिंग लावायचं, मागच्या दाराने टक्का पण घ्यायचा. तीनदा खाल्लं की हो एका फुलावर.

मोकाट_कप्तान:
ताई, एक नंबर. हेच म्हणत होतो मी.

इंजिनरूम:
थांबा थांबा. टक्क्याचा विषय निघालाच आहे तर तो फक्त एजंटपर्यंत का थांबतो? डिझेल भरताना टनामागे अमुक इतकं ‘तुमच्यासाठी’ असं मला पुरवठादाराने स्वतः ऐकवलंय. मी नाही म्हटल्यावर तो म्हणाला, मग कप्तानाशी बोलतो. पुढे काय झालं मला माहीत नाही आणि मी विचारलं पण नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नका एवढंच.

मोकाट_कप्तान:
काय म्हणायचंय तुम्हाला? 22 वर्षांत मी कुणाचं पाकीट घेतलेलं नाही. बोलायचं तर नीट बोला नाहीतर गप्प बसा. उचलली जीभ लावली टाळ्याला.

इंजिनरूम:
तुमचं नाव घेतलंच कुठे मी? टोपी बसली असेल तर बसली.

हिशेबनीस:
भांडा, पण एक विसरू नका. चार्टरवर एपीए, म्हणजे खर्चासाठीचा अ‍ॅडव्हान्स, असतो, चार्टर फीच्या साधारण 25 ते 35 टक्के, पाहुण्याने आधीच भरलेला. डिझेल, खाणं, फुलं, बंदराचा खर्च त्यातून जातो आणि उरलेलं त्याला परत द्यायचं असतं. म्हणजे टक्का एजंटने खाल्ला काय, कप्तानाने खाल्ला काय, गेला पाहुण्याच्या खिशातून. मी ह्या पावत्या जुळवते. ‘विविध’ लिहिलेली पावती आली की माझी रात्र जाते.

इंजिनरूम:
आणि एजंटची बाजू पण सांगतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी बोलतो. एकदा बंकरिंगला, म्हणजे बोटीत इंधन भरताना, टँकरवाला सुरुवातीलाच बाटलीत थोडं डिझेल काढून ‘हे घ्या सॅम्पल’ म्हणाला. सॅम्पल पूर्ण भरण होईपर्यंत थेंब थेंब जमा करायचं असतं, बाटल्या सील करायच्या, सील नंबर डिलिव्हरी नोटवर लिहायचे. नोट 3 वर्षं ठेवायची, सॅम्पल कमीत कमी 12 महिने. मी एकटा वाद घालत होतो, टँकरवाला व्हॉल्व्ह उघडायला निघाला. एजंटचा पोरगा, 24-25 वर्षांचा असेल, पाइपाशेजारी उकिडवा बसला आणि म्हणाला सॅम्पलर लावल्याशिवाय मी सही करणार नाही. रात्री साडेअकरापर्यंत बसला. त्याच्या बिलात हँडलिंग होतं, मी गपचूप सही केली.

नवा_डेकहँड:
मी वाचतच होतो फक्त पण शेंगेनचं कुणीच बोललं नाही म्हणून. युरोपातल्या त्या देशांत मिळून 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं. बोटीवर साइन-ऑन झालो, म्हणजे क्रूमध्ये नाव लागलं, तेव्हा माझ्या पासपोर्टवर बाहेर पडल्याचा शिक्का मारायचा होता, एजंट विसरला. मी बोटीवर काम करतोय आणि इकडे दिवस मोजले जातायत. कळलं तेव्हा 31 दिवस जळले होते, पुढची नोकरी हातातून गेली. एजंट म्हणाला सॉरी.

धक्क्यावरचा:
वाईट झालं मित्रा. पण एक विचारू? नवीन क्रू लिस्ट एजंटला कुणी पाठवली होती आणि कधी? तुझं नाव लिस्टमध्ये नसेल तर इमिग्रेशनसमोर तुझा पासपोर्ट मी कुठल्या तोंडाने ठेवू?

नवा_डेकहँड:
कप्तान पाठवणार होते. पाठवली की नाही ते मला नाही माहीत.

इंजिनरूम:
आलं का परत फिरून कप्तानावर. मी काही बोलत नाही.

मोकाट_कप्तान:
बोलून झालंय तुमचं. ठीक आहे, क्रू लिस्ट कप्तानाची जबाबदारी, त्यात वाद नाही. आणि गॅलापागोस, तुर्कस्तान तुमचं, घ्या. कायद्यानेच लागतो तिथे एजंट घेईन, खुशीने घेईन, हार घालून घेईन. पण धक्क्यावरचे साहेब, तुम्ही टक्क्यावर अजून एक अक्षर बोलला नाहीत. कुत्रा, पाणबुड्या, शिक्का, सगळ्यावर बोललात.

धक्क्यावरचा:
बोलतो. हो, चालतो टक्का. सगळीकडे नाही, पण चालतो, आणि ‘आमच्या धंद्यात असं काही नसतं’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. मी पुरवठादाराचं मूळ बिल माझ्या बिलाला जोडतो, माझी फी वेगळ्या ओळीत. त्यामुळे माझे आकडे मोठे दिसतात आणि दोन बोटी स्वस्तवाल्याकडे गेल्या. त्या स्वस्तवाल्याची फी शून्य आहे म्हणे. शून्यात त्याचं घर कसं चालतं हे त्या कप्तानांनी विचारलेलं नाही.

मोकाट_कप्तान:
एका बोटीवर मी असतो तर विचारलं असतं.

हिशेबनीस:
मूळ बिल जोडणाऱ्याला माझा नंबर द्या कुणीतरी.

धक्क्यावरचा:
गॅलीतल्या ताई, त्या पिओनीचं मूळ बिल मागून बघितलंत का कधी?

गॅलीतली:
तीन मेल केले. तिसऱ्याला उत्तर आलं, की फुलं ‘विविध’मध्ये आहेत.