मदत हवी आहे: तबल्याचा 'ना' थरथरतो, दोष शाईचा की सुराचा? (ऑडॅसिटीचे आकडे दिलेत)

गणपतीच्या भजनासाठी मालवणात साडेपाच इंची तबला काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराला) लावलाय. 'ना' (कडेवरचा बोल) मारला की आस (मागे रेंगाळणारा नाद) सरळ जात नाही, थरथरते. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'प्लॉट स्पेक्ट्रम' (कुठल्या कंपनसंख्येला किती जोर, तो आलेख) काढला. 'तूं'चं (मधल्या खुल्या बोलाचं) शिखर १५२ हर्ट्झ. 'ना'ला २७४ आणि २८० अशी जोडशिखरं, पुढे ४१५ आणि ५५४. १५२ने भागल्यावर साधारण १.८, २.७, ३.६ येतात. पूर्णांक येत नाहीत, म्हणजे शाई (मधला काळा गोल लेप) बिघडली का? पुडी (तोंडावरचं कातडं) बदलायला टाकण्याआधी खात्री करायची आहे.

प्रतिसाद १

शाईला हात लावू नका. भागाकार चुकीच्या आकड्याने झालाय. 'तूं'चा मूळ सूर हिशेबापेक्षा थोडा चढाच असतो, तो एकक धरायचा नसतो. जोडशिखरांचा मध्य २७७, त्याचं निम्मं १३८.५. आता भागा: २, ३, ४. शाई आपलं काम चोख करतेय. साध्या ताणलेल्या कातड्याचे सूर १, १.५९, २.१४ असे विस्कळीत निघतात. मधला शाईचा भार त्यांना ओळीत आणतो, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० सालीच दाखवलं होतं.

खरी गोम २७४-२८० मध्ये आहे. फरक ६ हर्ट्झ, म्हणून आस सेकंदाला सहा वेळा हेलकावते. वेव्हफॉर्म मोठा करून पाहा: साधारण ०.१७ सेकंदाला एक फुगवटा, मग चिमटा, पुन्हा फुगवटा. पुडीचा ताण एका दिशेला जास्त, काटकोनातल्या दिशेला कमी, एवढाच त्याचा अर्थ.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. ठोकण्याआधी मोजणी नीट करा. मोबाइलचं नॉइज रिडक्शन आणि ऑटो गेन बंद, फाइल वॅव, अंतर हातभर. पंखा बंद. पत्र्यावर पावसाची सर असेल तर थांबा. ठोक्याचे पहिले ५० मिलिसेकंद सोडा, तो नुसता चाटीचा (कडेच्या कातडी पट्टीचा) फटका असतो. पुढचा पाऊण सेकंद निवडा, 'प्लॉट स्पेक्ट्रम'मध्ये साइज ३२७६८, विंडो हान. ४४१०० च्या रेकॉर्डिंगला १६३८४ घेतलं तर दोन बिंदूंत २.७ हर्ट्झचं अंतर पडतं आणि इतकी जवळची शिखरं एकमेकांत मिसळू शकतात.

मग सोळा घरांना (कडेला वादीच्या ओवणीतल्या जागांना) खडूने आकडे घाला आणि प्रत्येक घरासमोर 'ना' वाजवा. एका घराला २८० एकटं ठळक येईल, तिथून चार घरं पुढे २७४. त्या उतरलेल्या घरावर आणि बरोबर समोरच्या आठव्या घरावर गजऱ्याला (पुडीच्या कडेच्या वेणीला) वरून हलके ठोके द्या. दोन ठोके, मग पुन्हा मोजणी. एकाच बाजूला ठोकत राहिलात तर पुडी तिरकी बसते आणि ती सरळ करणं फार त्रासाचं. एवढ्या फरकाला गट्टे (वादीखालचे लाकडी ठोकळे) हलवायची गरज नाही.

धागाकर्ता

घर १२ आणि ४ उतरलेली निघाली. चार फेऱ्यांनंतर २७८ ला एकच शिखर. पण सकाळी तोच तबला २७१!

प्रतिसाद १

ती दमट हवा. कातडं ओलावा धरतं, सैल पडतं. शिखर एकच राहिलं असेल तर काम टिकलंय. आता सोळाही घरं सारखी चढवा. भजनाच्या जागी दोन तास आधी तबला ठेवा आणि तिथेच लावा. चुलीजवळ किंवा हीटरसमोर मात्र नको, शाई सुटते. मग किरकिर येते आणि तेव्हा पुडीच बदलावी लागते.