जाहिरातदार, पैसे आणि वाचक: मराठवाड्यातून ब्लॉग चालवणाऱ्यांचे अनुभव

गेल्या आठवड्यात एका हॉटेलवाल्यांचा फोन आला. वेरूळच्या रस्त्यावर नवीन हॉटेल काढलंय, दोन दिवस राहा, जेवा आणि ‘वेरूळला आलात तर इथेच उतरा’ असं लिहा, म्हणाले. पैशांचं विचारलं तर उत्तर आलं, “ताई, राहणं-जेवण म्हणजे पैसेच की.” मी नाही म्हटलं. फोन ठेवल्यावर मात्र अर्धा तास तशीच बसून राहिले, कारण त्याच महिन्यात होस्टिंगचं वर्षाचं बिल भरायचं होतं.

मी छत्रपती संभाजीनगरला राहते. सात वर्षांपासून मराठवाड्यातल्या भटकंतीवर लिहिते. माझं सगळ्यात जास्त वाचलं जाणारं पान कोणतं? अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी, एवढंच सांगणारं. पितळखोऱ्याच्या लेण्यांवर महिनाभर खपून लिहिलेला लेख त्याच्या जवळपासही नाही. आधी वाईट वाटायचं. आता वाटतं, पुण्याहून लेकरंबाळं घेऊन निघालेल्या माणसाचा दिवस माझ्यामुळे वाया जात नाही, हीच माझी कमाई. हॉटेलवाल्यालाही विकत हवं होतं ते हेच: त्या माणसाचा माझ्यावरचा भरवसा.

घर चालवायला पैसे लागतातच, आणि ते मिळवण्यात लाज नाही. म्हणून आपल्या भागातून ब्लॉगवर कमावणाऱ्यांना विनंती, की आकड्यांसकट लिहा. जाहिरातदार कसा आला, काय ठरलं, कुठे अडकलात, कुणाला नाही म्हटलंत. कंपन्यांची नावं मात्र नकोत.

लातूर, शेतीविषयक ब्लॉग

ताई, मी औसा तालुक्यातला. घरची नऊ एकर, सोयाबीन आणि तूर. ब्लॉगला नववं वर्ष आहे. आमच्याकडं वाचक जूनमध्ये येतो. पेरू का थांबू, हा एकच प्रश्न शंभर तऱ्हांनी विचारतो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडल्याशिवाय पेरू नका, घरचं बियाणं असेल तर शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा आणि सत्तर तरी उगवतात का बघा, परभणी विद्यापीठाचं सोयाबीनचं वाण एमएयूएस ६१२ आपल्या रानाला चालेल का, असलं लिहितो. यात नवीन काही नाही, पण वेळेवर आणि आपल्या बोलीत कुणी सांगत नाही.

जाहिरातदार मे महिन्यातच दारात येतात. चौथ्या वर्षी एका टॉनिकवाल्या कंपनीचा माणूस आला. एका लेखाचे १२,००० रुपये. “मजकूर आमचा, तुम्ही फक्त तुमच्या नावानं टाका.” मजकुरात होतं, आठ दिवसांत फुलं दुप्पट. मी टाकला. वर ‘जाहिरात’ असं लिहिलं नाही. त्या वक्ताला लॅपटॉपचे हप्ते थकले होते.

भादव्यात आमचे चुलते घरी आले. पिशवीत दोन रिकाम्या बाटल्या. म्हणाले, “तू लिवलं म्हणून आणली रे बाबा. फरक तर काईच दिसंना.” दोन बाटल्यांचे अठराशे रुपये गेले होते. भांडले नाहीत. चहा घेतला, म्हशीचं विचारलं आणि गेले. वडील त्यानंतर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मी चुलत्यांचे पैसे दिले. लेख काढून टाकला आणि त्याच पानावर लिहिलं, की हा मजकूर पैसे घेऊन छापला होता, मी स्वतः वापरून बघितलं नव्हतं. कंपनीनं पैसे परत मागितले, तेही दिले. तीन हप्त्यांत. आठवडाभर शिव्यांचे मेसेज आले. त्यातलेच बरेच जण पुढच्या जूनला पेरणीचं विचारायला आले, तेव्हा मला रडू आलं होतं, हे खरं सांगतो.

तेव्हापासून औषध, खत, टॉनिक यांच्यासाठी लेख विकत नाही, फक्त बाजूचा बॅनर देतो, आणि त्यावर ठळक ‘जाहिरात’. कीटकनाशक असेल तर डब्यावरचा नोंदणी क्रमांक आधी मागतो. टॉनिक म्हणून विकतात त्या जैवउत्तेजकांना २०२१ पासून खत नियंत्रण आदेश लागू झाला, म्हणून त्यांचाही कागद मागतो. निम्मे जण कागद म्हटल्यावर परत फोनच करत नाहीत. मे ते जुलै महिन्याला ६,००० रुपये, बाकी महिन्यांत २,५००. टिकून राहिलेले जाहिरातदार म्हणजे एक ठिबकवाले, एक अवजारांचे दुकानदार आणि माती तपासून देणारे. दोन शिकवणीवालेही विचारून गेले, लातूरला त्यांना काय तोटा! पण वाचक शेतकरी आहे, त्याच्या लेकराच्या फीचा विषय लई नाजूक असतो. नाही म्हटलं.

नांदेड, नोकरभरतीची माहिती

माझं गाव हदगावकडं. भरतीच्या जाहिराती, शेवटच्या तारखा, प्रवेशपत्रं असं टाकतो. माझ्याकडं थेट जाहिरातदार कमी, सगळी मदार आपोआप दिसणाऱ्या जाहिरातींवर. गूगलचं अ‍ॅडसेन्स २००३ पासून आहे, हिंदीला ते २०१४ मध्ये मिळालं आणि मराठीला त्यानंतर. शंभर डॉलर जमल्याशिवाय पैसे निघत नाहीत, आणि दहा डॉलर झाले की पत्ता तपासायला पिन येतो, तोही साध्या टपालानं. आमच्या घराचा पत्ता ‘मारुतीच्या पारामागं’. पहिली दोन पाकिटं आलीच नाहीत. तिसऱ्या वेळी पोस्टमन काकांना आधीच जाऊन सांगितलं, वडिलांचं नाव आणि मोबाइल नंबर पत्त्यात घातला, मग आलं. नवीन पोरांनो, पत्ता आधी नीट करा.

त्याच्या आधी, जाहिराती दाखवणाऱ्या दुसऱ्या एका कंपनीकडं असताना माझं खातं बंद झालं होतं. चूक माझीच. होस्टेलातल्या मित्रांना म्हटलं, “येता-जाता जाहिराती दाबत जा रे.” चाळीस-पन्नास पोरं एकाच वायफायवरून दाबायली म्हटल्यावर कळणारच. जमलेले अकरा हजार गेले. विनंतीचा अर्ज केला, एका ओळीत नकार आला.

थेट येणारे जाहिरातदार म्हणजे ‘घरबसल्या पॅकिंगचं काम’, ‘नोंदणी फी ४९९’. एका महिन्यासाठी २०,००० द्यायला तयार होते. माझा वाचक म्हणजे दोन-दोन वर्षं सकाळी चारला उठून पोलीस भरतीसाठी पळणारा पोरगा. त्याच्या ४९९ मधून माझा वाटा घेऊ? नोकरी देणारा पैसे मागत असेल तर ती जाहिरात माझ्याकडं लागत नाही. आता तर तसं पानाच्या वरच लिहून ठेवलंय.

धाराशिव, खाद्यपदार्थ

नमस्कार ताई. मी सुशीला, येसर आमटी, धपाटे असं आपल्याकडचं लिहिते. येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या, आधीचे पंधरा दिवस माझी दिवाळी असते. पुण्या-मुंबईत गेलेल्या आपल्या मुली भज्जी आणि आंबील कसं करायचं, ते शोधत येतात. आईला फोन करायच्या ऐवजी माझ्याकडे येतात, कधी कधी आई राहिलेली नसते म्हणून. हे मी विसरत नाही.

माझा त्रास वेगळा. माझ्याकडे जाहिरातदार पैसे घेऊन येत नाहीत, मालाची पाकिटं घेऊन येतात. “मॅडम, मसाल्याचं खोकं पाठवतो, पाच रेसिपी करा.” पहिली तीन वर्षं मी केल्या. कुकर आला, मिक्सर आला, आमच्या घरच्यांना कौतुक. पण एका रेसिपीला माझा दीड दिवस जातो. सामान आणा, करा, फोटो काढा, फसलं तर परत करा. शेवटी वहीत तासांचा हिशोब मांडला आणि वस्तू घेऊन लिहिणं बंद केलं.

मग एका मसालेवाल्यांशी पैशांत ठरलं. तीन लेख, १८,०००. काम मार्चमध्ये संपलं आणि पैसे काही येईनात. “अकाउंटवाले सुटीवर आहेत”, “साहेब बाहेर आहेत”, “पुढच्या सोमवारी नक्की”. ऑगस्ट उजाडला. भाच्यानं सुचवलं म्हणून मी आधीच उद्यम, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी, नोंदणी करून ठेवली होती, घरबसल्या आणि फुकट होते. सूक्ष्म उद्योगाला असलेलं देणं लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावं लागतं, हा २००६ चा कायदा आहे. उशीर केला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ. मी आवाज चढवला नाही. एक साधं पत्र लिहिलं. त्यात बिलाची तारीख, उद्यम क्रमांक, व्याजाचा आकडा आणि थकलेल्या पैशांसाठीच्या सरकारी ‘समाधान’ पोर्टलवर तक्रार करीन हे वाक्य. नवव्या दिवशी पैसे जमा. तेव्हापासून माझ्या प्रत्येक बिलाच्या खाली उद्यम क्रमांक असतो.

आता निम्मे पैसे कामाआधी, निम्मे लेख लागल्या दिवशी. आणि वर ‘सशुल्क सहकार्य’ लिहिणार म्हणजे लिहिणार. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्‌स कौन्सिलचे तसे नियम २०२१ पासून आहेतच. कंपनीचे लोक म्हणतात, ते लिहिलं की कुणी वाचत नाही. माझा अनुभव तसा नाही. आमटी चांगली झाली तर बाया मसाला कोणता तेही विचारतात.

एक गोष्ट मात्र कधीच घेतली नाही: साखरेच्या आजारावरची चूर्णं. ‘मधुमेह मुळापासून बरा’ अशा जाहिरातीला १९५४ च्या कायद्यानं मनाई आहे. कायदा नसता तरी घेतली नसती. माझ्या सासूबाईंनी असल्याच चूर्णापायी गोळ्या सोडल्या होत्या.

परभणी, मोबाइल आणि तंत्रज्ञान

मी सगळ्यांत लहान आहे, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. मला परदेशातून ईमेल यायचे. आम्ही लेख देतो, त्यात आमच्या साइटची डू-फॉलो लिंक (गूगलच्या शोधात त्यांची साइट वर आणणारी), ‘स्पॉन्सर्ड’ असं लिहायचं नाही, लेखाचे ५० डॉलर. मेसचे पैसे सुटायचे, म्हणून चौदा लेख घेतले. त्यात काही पैसे लावून खेळायच्या साइटचे होते.

पैसे देऊन घेतलेली लिंक तशी खूण करून दाखवायची, हा गूगलचा नियम उघड लिहिलेला आहे, २०१९ पासून त्यासाठी ‘स्पॉन्सर्ड’ ही वेगळी खूणही आहे. मी वाचलाच नव्हता. रोजचे तीन हजार वाचक दोन महिन्यांत चारशेवर आले. खेळाचा भाग तर आणखी गंभीर. ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानं पैशांच्या ऑनलाइन खेळांची जाहिरात करणंच गुन्हा ठरवलंय, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मी ते लेख काढून टाकलेत. पण वाचक परत आले नाहीत. सगळं सोडून नवीन डोमेन घेऊ का? दादा, कुणी सांगेल का?

जालना, करसल्लागार (आणि मोसंबी बागायतदारांसाठी लिहिणारा)

थोडक्यात, कारण हे सगळेच विचारतात. जाहिरातीच्या एका बिलाची रक्कम ३०,००० च्या वर गेली किंवा एकाच कंपनीकडून वर्षात लाखाच्या वर झाली, की कंपनी पैसे देतानाच तुमचा १ टक्का कर (टीडीएस) कापते. तो बुडाला असं समजू नका, विवरणपत्र भरलं की हिशोबात धरला जातो. फुकट आलेल्या वस्तू एका कंपनीकडून वर्षात २०,००० च्या वर गेल्या तर जुलै २०२२ पासून त्यावरही १० टक्के कपात आहे. जीएसटीची नोंदणी वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की. त्याच्या आत असाल तर बिलात जीएसटी लावायचा नाही. माझ्याकडे एक जण नोंदणी नसताना १८ टक्के लावून बिलं देत होता, ते निस्तरता निस्तरता नाकी नऊ आले.

लातूर

परभणीच्या भावासाठी. डोमेन सोडू नको. लिंकाचे लेख काढलेस, बरं केलंस. आता त्याच साइटवर आपल्याकडचं लिही. परभणीत मोबाइल कुठं दुरुस्त होतो, पीक विम्याचा फोटो मोबाइलवरून कसा चढवायचा, आधारला नंबर कसा जोडायचा. माझा शेतकरी मला हे रोज विचारतो आणि मला ते नीट येत नाही. तू लिही, मी माझ्या पानावरून तुझ्याकडं वाट दाखवतो. त्याचे पैसे नकोत.

परभणी

दादा, पीक विम्याचा आज रात्रीच लिहितो. फोटो चढवताना लोकेशन चालू नसेल तर अडतं, आमच्या आबांचं तेच झालं होतं. तिथूनच सुरू करतो.